नमुन्याप्रमाणे आहे

सोमवार, ४ मार्च

वहिनी,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापील अक्षरांत लिहिला आहे. माझं अक्षर ओळखलंत तर न उघडताच परत पाठवाल, एवढं मी तुम्हाला ओळखते. आता उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. दीड वर्षानंतर मी काही ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाही.

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या वकीलबाई आल्या होत्या. टेबलावर वीतभर जाडीची फाईल. आमच्या त्या हिरव्या झाकणाच्या फळांच्या पेयावर चार हजार गिऱ्हाइकांनी मिळून एकच दावा लावला आहे, लेबल फसवं आहे म्हणून. सगळ्यांच्या वतीने पाच जण पुढे उभे राहिलेत, त्यांची नावं पहिल्या पानावर. सगळ्यात वर तुमचं. माहेरचं आडनाव लावलंत ते बरं केलंत, नाहीतर तिथल्या तिथे माझी शोभा झाली असती. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ही बाई माझ्या सख्ख्या भावाची बायको आहे हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

वकीलबाईंनी मी नेमकं काय करते ते विचारलं. म्हटलं, बावीस वर्षं पेयं चाखते. रोज सकाळी अकराला आम्ही पाच बायका चाखायच्या खोलीत बसतो. त्याआधी तासभर चहा नाही, अत्तर-पावडर नाही, कच्चा कांदा तर आदल्या दिवसापासून नाही. समोर दोन पेले, एक मूळ नमुन्याचा, एक आजच्या मालाचा. चाखायचं, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि फॉर्मवर खूण करायची, ‘नमुन्याप्रमाणे आहे’ किंवा ‘नाही’. पाचांत मी प्रमुख. वकीलबाई खूश झाल्या. म्हणाल्या, मग तुमच्या एका सहीने निम्मं काम होईल. या पेयाची चव कधी बदलली नाही, एवढंच मी शपथेवर सांगायचं.

निघताना त्यांनी बजावलं की दावा लावणाऱ्यांपैकी कुणाशी बोलायचं नाही, लिहायचं नाही. कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मी मान डोलावली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं तुम्हाला वाटेल. नाही.

एकच मागणं आहे. तुमचं नाव काढून घ्या. चार हजारांतून एक गेल्याने दावा काही मरत नाही. पण तुमचं नाव राहिलं तर हे लोक घरातलं उकरून काढतील, आईचे हॉस्पिटलचे कागद मागतील, आणि मग कुठवर जातील सांगता येत नाही. शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि लेबलाचं म्हणाल तर त्यावर लिहिलंय ‘साखर घातलेली नाही’, आणि साखर खरंच घातलेली नाही. गोदामात साखरेचं एक पोतं दाखवा, मी नाव बदलीन.

हे वाचून फाडून टाका.

तुमची नणंद


शनिवार, ९ मार्च

वहिनी,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात. शेजारीण विचारते, कुठे नोकरीचा अर्ज केलाय का? या वयात!

दादा रोज माझ्याकडेच जेवतो. तुम्ही गेल्यापासून त्याने घरी गॅस पेटवलेला नाही. त्याला या दाव्याचं अवाक्षर सांगितलं नाही. तो वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतो, खेळाचं संपलं की ठेवून देतो, म्हणून अजून निभावलंय.

काल वकीलबाईंनी तुमची तक्रार सगळ्यांसमोर वाचून दाखवली, बातम्या वाचतात तशी. सासूबाईंना मधुमेह होता. लेबलावर भरवसा ठेवून त्यांना सकाळ-संध्याकाळ पेलाभर हेच पेय दिलं जाई. साखर चढत गेली. पायाची जखम भरेना. आधी दोन बोटं काढली, मग पाऊल, मग त्या गेल्या. मी टेबलाच्या कडेचा निघालेला पत्रा बघत होते. पुढचं वाक्य तू लिहिलंस का तुझ्या वकिलाने? ‘सासूबाईंना मी चोरून गोड भरवते असा माझ्यावर आळ घेतला गेला, आणि माझ्याच स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावून किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली गेली.’ वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, काय एकेक घरं असतात. साहेब हसले. मीही हसले, वहिनी. किल्ली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती.

आळ कुणी घेतला, ते तू लिहिलं नाहीस. किल्ली कुणाकडे, तेही नाही. का नाही लिहिलंस? पुढच्या तारखेसाठी राखून ठेवलंयस का? कालपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

बघ, तुम्ही-तुम्ही करायचं ठरवून बसले होते आणि पेनातून ‘तू’च उतरलं. लग्न होऊन आलीस तेव्हा तूच म्हणाली होतीस, आपण एका वर्षाच्या, मला अहो-जाहो केलंस तर ओ देणार नाही. नंतर मी ‘तुम्ही’ म्हणायला लागले ते मानाने नव्हे, टोचावं म्हणून. तुला ते कळत होतं.

एकेचाळीस बाटल्या दाखल केल्यास म्हणे. धुऊन, कोरड्या करून, आत कडधान्यं भरलेल्या, लेबलं जशीच्या तशी, तारखांसकट. त्यांचे फोटो फाईलमध्ये आहेत. मी बघितल्याबरोबर ओळखलं, खिडकीखालची तुझी फळी. तुझ्या या सवयीची मी किती टिंगल केली. पाहुण्यांसमोर भंगारवाली म्हणायचे. दोरा, रबर, झाकण, काही टाकायची नाहीस, जित्याची खोड म्हणायचे. आता साहेब त्या फोटोंकडे बघून कपाळ पुसतात.

मला खरंच वाटलं होतं तसं, म्हणून मी आळ घेतला. साखर वाढतेय आणि स्वयंपाकघर तुझ्या हातात, मग दुसरं कोण? दर महिन्याला त्या पेयाच्या बाटल्यांचं खोकं कंपनीतून मीच आणून टाकत होते हे खरं. पण त्याच्यावर माझी सही होती ना.

फाडून टाक. आणि नाव काढ, वहिनी. अजून वेळ आहे.

तुझी नणंद


रविवार, १७ मार्च

वहिनी,

एक गोष्ट सांगून टाकते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही, आणि सांगण्यासारखं माणूस बघितलं तर तूच. नशीब बघ माझं.

आमच्या फॉर्मला दोन पानं असतात. वरचं पांढरं कंपनीचं, खालचं गुलाबी चाखणारणीने स्वतःजवळ ठेवायचं. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचं एक गुलाबी पान आहे. जूनमधला पहिला सोमवार. त्या दिवशी मी आजच्या मालाचा घोट घेतला, थुंकला, आणि गोडी जिभेच्या मागे चिकटून राहिली. चूळ भरली तरी जाईना. मग नमुन्याचा घोट घेतला. तोही तसाच, तंतोतंत. पण शनिवारी नमुना तसा नव्हता. बाटली तीच, चिठ्ठी तीच, आतलं बदललेलं. मी शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, ‘गोडी मागे रेंगाळते. शनिवारपेक्षा वेगळं.’

साहेब स्वतः खोलीत आले. शांतपणे विचारलं, समोरच्या नमुन्याप्रमाणे आहे की नाही? म्हटलं, आहे. मग शनिवार कुठून आला, म्हणाले. तुम्हीच ना नव्या मुलींना शिकवता?

मीच शिकवते. पहिल्या दिवशी पहिला धडा हाच, आठवणीवर जायचं नाही, आठवण खोटं बोलते, समोरच्या पेल्यावर जायचं. बावीस वर्षं मी हे घोकून घेतलंय, आणि त्या माणसाने माझंच वाक्य माझ्या हातात दिलं. मी शेऱ्यावर एक रेघ मारली आणि ‘नमुन्याप्रमाणे आहे’वर खूण केली. सही केली. तेव्हापासून रोज अकरा वाजता एका खोट्याशी दुसरं खोटं ताडून बघते आणि बरोबर आहे म्हणून लिहिते. चोराची ओळख चोरानेच पटवायची, तसला प्रकार.

आता फाईलमध्ये कळलं. त्याच आठवड्यापासून टँकर यायला लागले, फळांच्या दाट अर्काचे. द्राक्षाचा रस आटवून आटवून मधासारखा करायचा आणि तो पेयात ओतायचा. वकीलबाई म्हणतात, हे फळच आहे, साखर नव्हे, म्हणजे लेबल खरंच आहे. असेल. आईच्या रक्ताला लेबल वाचता येत नव्हतं.

पांढरं पान कंपनीला सापडत नाही म्हणे. म्हणून आता आमच्याकडची गुलाबी पानं महिनाअखेर जमा करायची आहेत. मी सांगितलं, माझी जुनी पानं सफाईत गेली. ते इस्त्रीच्या टेबलाच्या कापडाखाली आहे. त्याच्यावरच दादाचे शर्ट इस्त्री करते. कोपरा बाहेर आलाय की काय, म्हणून स्वयंपाक करता करता तीनतीनदा येऊन बघते. दूध उतू गेलं परवा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चौदा महिन्यांचे तेरा झाले आणि माझ्यामागे कमावणारं कुणी नाही. मी सही करणार आहे, वहिनी. चव बदलली नाही असं लिहून देणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं, तुझी परवानगी मागत नाही.

फाड हे. लगेच फाड.

तुझी नणंद


मंगळवार, २६ मार्च

वहिनी,

खोकं मिळालं. आत भुसा, भुशात जुन्या टॉवेलचा तुकडा, टॉवेलात बाटली. झाकणाचं सील शाबूत. तारीख त्या जूनच्या दोन महिने आधीची. आणि चिठ्ठीत तुझे दोन शब्द, ‘चाखून बघ.’ तीन पत्रांना मिळून दोन शब्द, तेही पेन्सिलीने.

आमच्या नमुन्यांच्या खोलीतसुद्धा या तारखेची बाटली उरलेली नाही. मुदत संपली की सगळ्या फोडून टाकतात. तू कुठल्या फळीमागे सारून ठेवली होतीस कोण जाणे. तुझ्या वकिलाकडे आणखी असतील, म्हणूनच ही मला पाठवलीस. तू काही इतकी भोळी नाहीस.

चार दिवस ती माझ्या कपाटात साड्यांच्या मागे होती. रविवारी दादा जेवायला लवकर आला. मी म्हटलं, ऑफिसचं थोडं काम आहे, हात लाव. कोपऱ्यावरच्या दुकानातून आजची बाटली आणली. एकसारखे तीन पांढरे पेले घेतले. दोघांत एक, तिसऱ्यात दुसरं, कशात काय ते मला कळू द्यायचं नाही, पेल्यांच्या बुडाला खूण करायची आणि जागा बदलून समोर ठेवायचे. तो करवादला, म्हणाला जेवायच्या वेळेला काय पोरखेळ मांडलाय. पण पडद्याआड जाऊन केलं सगळं नीट. इस्त्रीच्या टेबलावर मांडले, दुसरी जागा नव्हती.

तीन वर्षांत जुन्याचा वास मेलाय, रंग काळवंडलाय. मी डोळे मिटून घेतले होते. गोडी मात्र पडून राहिली म्हणून वाढत नाही आणि कमीही होत नाही. दुसऱ्या घोटाची गरज पडली नाही. मधला वेगळा, म्हटलं. दादाने पेला उलटा करून बघितला. मधलाच.

मग त्याने, कुणी न सांगता, उरलेल्या बाटल्यांतलं स्वतः ओतून घेतलं आणि घोट घोट प्यायला. तुला माहीतच आहे त्याची जीभ, चहात मीठ पडलं तरी कप संपवणारा माणूस. त्याने पेला खाली ठेवला.

“हे तर कुणालाही कळेल,” तो म्हणाला. “तुला कसं नाही कळलं?”

मी कापड उचललं आणि गुलाबी पान त्याच्यापुढे ठेवलं. रेघेखालचं अजून वाचता येतं. त्याने वाचलं. मग मी सगळं सांगितलं, दावा, तुझं नाव, टँकर, सही. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, ती रोज सांगत होती ना, मी नाही दिलं, मी नाही दिलं. नंतर किल्ली कुठे आहे विचारलं. मी दिली नाही. म्हटलं, ज्याचं कपाट त्यालाच देईन.

ताट वाढलेलं होतं, त्याला हातही न लावता गेला. काल आला नाही, आजही नाही. संध्याकाळी त्याच्या खिडकीखालून गेले तर करपल्याचा वास येत होता. म्हणजे गॅस पेटवलाय.

मी सही अजून केलेली नाही. जबानीची तारीख पाच एप्रिल पडली आहे.

सवयीने लिहिते, फाड.

तुझी नणंद


शुक्रवार, ५ एप्रिल, सकाळी

वहिनी,

अकराला बोलावलंय. बघ, अकरालाच. सवयीने चहा घेतला नाही.

बुधवारी साहेबांना सांगितलं की शपथेचा तो टाईप केलेला कागद माझ्याच्याने म्हणवणार नाही. त्यांनी तेरा महिन्यांची आठवण दिली, मग बावीस वर्षांची दिली, मग माझ्या ऑफिसातल्या कपाटाची चावी मागून घेतली. चाखायच्या खोलीतून माझा पेला मी उचलून आणला. बाकीच्या चौघी खाली मान घालून बसल्या होत्या. भीती म्हणशील तर आहेच. पण ती आता नोकरीची नाही. दुसरीच आहे, ती सांगायलाच बसले आहे.

आधीच्या चारही पत्रांत एक गोष्ट मी लिहिली नाही. प्रत्येक वेळी तिच्या जवळपास आले आणि वळसा घालून गेले.

आईची जीभ माझ्यापेक्षा तल्लख होती. चाखायला मला तिनेच शिकवलं. डोळे मिट, श्वास सोड, घोट जिभेवर ठेव, घाई करू नको. त्या जूनच्या खोक्यातला पहिला पेला मीच तिला ओतून दिला. तिने घोट तोंडात धरला, मला शिकवला होता तसाच, आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हे गोड आहे ग. मी सोमवारीच सही करून आले होते. म्हटलं, आई, तुझी जीभ गेली आता, माझी सही आहे त्याच्यावर. तिने वाद घातला नाही. पेला संपवला. पुढे रोज संपवत राहिली, लेकीने आणलंय म्हणून.

आणि हॉस्पिटलमध्ये, ज्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत तुझ्यावर आळ घेतला, तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं. तू दाराशी पाठमोरी उभी होतीस. आई म्हणाली, “तिला बोलू नकोस. गोड तू आणतेस.”

मी सगळ्यांना सांगितलं की आईला औषधाची गुंगी आहे, काहीबाही बरळतेय. दादाने माझंच ऐकलं. त्याच संध्याकाळी त्याने कुलूप आणलं.

तू ऐकलं होतंस का, ते मला आजवर कळलेलं नाही. ऐकलं असशील तर तक्रारीत माझं नाव न घालता तू कशी राहिलीस, तेही कळत नाही. आईने वाचवलं होतं तुला, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. याची माफी मागता येत नाही, म्हणून मागत नाही.

आज तुझ्या वकिलांचा पहिला प्रश्न हाच असेल, चव बदलल्याचं तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? गुलाबी पान पर्समध्ये आहे, ते दाखवीन. माझ्या जिभेने जूनच्या सोमवारी सांगितलं, हेही सांगेन. आणि मग सांगेन की माझ्या आईने दोनदा सांगितलं, आणि मी तिला दोन्ही वेळा खोटं पाडलं. वकीलबाई म्हणतील याचा दाव्याशी काय संबंध. म्हणू देत. लिहून घेणारा माणूस समोर असेल, त्याने लिहून घ्यायचं. तुझ्यावर घेतलेला आळ सगळ्यांसमोर घेतला होता, तर तो सगळ्यांसमोरच उतरायला हवा.

दादा खाली उभा आहे. स्वतःहून आलाय, इस्त्री न केलेला शर्ट घालून. बरोबर येतो म्हणाला.

पाकिटात किल्ली आहे. कुलूप अजून तसंच लटकतंय, आम्ही दोघांनी हात लावलेला नाही. उघडायला ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. तुझी आहे, एवढंच.

तुझी नणंद

ता. क. हे पत्र फाडू नकोस. तुझ्या वकिलांना दे. आधीची चारही दे. त्यांत मी खोटी सही करणार होते असं माझ्याच अक्षरात लिहिलंय, तेही कळू दे त्यांना. फाडून टाक म्हणून दर वेळी लिहिलं खरं, पण तू ती फाडली नसशील. तू काही टाकत नाहीस.